नाताळ : मराठी मुलखातील परंपरा आणि आठवणींचा ठेवा

वाशीमहून हिंगोलीकडे निघालेल्या प्रवाशाला जिल्ह्याच्या सीमेवर कनेरगाव नाका लागतो. गावाच्या नावातला 'नाका' हा शब्द जुन्या हद्दीची आठवण करून देतो. एकेकाळी या सीमेच्या एका बाजूस निजामाचे हैदराबाद संस्थान आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड अशी विभागणी होती. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि ती हद्द इतिहासजमा झाली. १९९८ साली वाशीम आणि १९९९ साली हिंगोली हे जिल्हे निर्माण झाले. आता दोन राज्यवटींऐवजी केवळ दोन जिल्हे येथे एकमेकांना भेटतात. शिवारात कापसाची वेचणी चाललेली असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात आणि पहाटेच्या थंडीत रस्त्यालगत शेकोट्या पेटलेल्या असतात, तेव्हा वर्षअखेरीचा तो सण जवळ आलेला असतो. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मराठवाडा आणि वऱ्हाडाच्या रस्त्यांवरून गावाकडे परतणाऱ्यांत पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली ख्रिस्ती कुटुंबेही असतात. त्यांच्या पिशव्यांत मुलांचे नवे कपडे आणि वडीलधाऱ्यांसाठी औषधे असतात, आणि मनात एकच हिशेब असतो, २४ तारखेच्या रात्रीपूर्वी घर गाठण्याचा.

नाताळ म्हटला की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर वांद्र्याची रोषणाई, पुण्याच्या कॅम्पातील गर्दी, लाल टोपीतला सांताक्लॉज आणि केकची दुकाने उभी राहतात. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. मराठी भाषेत हा सण किमान चार शतके साजरा होत आला आहे. त्याला ओवीचा छंद आहे, कीर्तनाचा ताल आहे, पाळण्याची चाल आहे आणि करंजीची चवही आहे. या परंपरांचा हा थोडक्यात परिचय.

शब्द आणि तिथी

'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. पोर्तुगीजांचा 'नाताल' हा शब्द जन्माशी संबंध दर्शविणाऱ्या 'नातालिस' या लॅटिन शब्दावरून बनलेला आहे. म्हणजे 'जयंती' या आपल्या शब्दाचा आणि 'नाताळ'चा अर्थ जवळजवळ एकच. गोवा, वसई, साष्टी आणि चौल या पट्ट्यात पोर्तुगीज सत्ता नांदत असताना हा शब्द रूढ झाला आणि पुढे जेथे पोर्तुगीजांचे पाऊलही पडले नव्हते अशा मराठवाड्यात व वऱ्हाडातही तोच स्थिरावला. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये 'ख्रिस्तजयंती' किंवा 'ख्रिस्तजन्मोत्सव' असे शब्दही वापरले जातात.

येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला, हे बायबलमध्ये सांगितलेले नाही. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत जन्माची कथा येते. तीत बेथलेहेम गाव, गव्हाणीत निजविलेले बाळ, रानात कळप राखणारे मेंढपाळ आणि पूर्वेकडून ताऱ्याच्या मागाने आलेले ज्ञानी पुरुष यांचे वर्णन आहे. तिथी मात्र नाही. २५ डिसेंबर या दिवशी हा सण पाळला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधील असून ती इ. स. ३३६ची आहे. रशियासारख्या देशांतील ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन पंचांगानुसार चालत असल्याने तेथे हा सण ७ जानेवारीला येतो. सणापूर्वीचे चार रविवार 'आगमनकाळ' म्हणून पाळले जातात. श्रावणात जसे घराला एक वेगळे वळण लागते, तसेच या काळाचे असते. चर्चमध्ये दर रविवारी एक याप्रमाणे चार मेणबत्त्या उजळल्या जातात आणि घरी साफसफाई, रंगरंगोटी, शिवणकाम व फराळाची तयारी सुरू होते.

ओवीतून आलेली जन्मकथा

मराठीत ख्रिस्तजन्माची कथा काव्यरूपाने प्रथम विस्ताराने सांगितली ती एका इंग्रज माणसाने. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. चाळीस वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी कोकणी व मराठी या भाषा आत्मसात केल्या आणि 'ख्रिस्तपुराण' हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. १६१६ साली गोव्यातील राचोल येथे तो रोमन लिपीत छापला गेला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या हाती त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच ओळखीच्या छंदात काही असावे, ही या ग्रंथामागची प्रेरणा होती. धर्म बदलला तरी कानाला लागलेली ओवीची सवय बदलत नाही, हे स्टीफन्स यांनी नेमके ओळखले होते.

हाच धागा पुढे अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, पुन्हा हाती घेतला गेला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तेथे कार्य सुरू केले. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक तेथूनच निघू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची देशी पद्धत ख्रिस्ती उपासनेत आणली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ आणि पखवाज तेच. आख्यान मात्र येशूचरित्राचे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, पदे व भजने यांची मोठी संपदा या समाजाला दिली. परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते म्हणताना मराठी माणसाचा जीव त्यात रमत नाही, अशी त्यांची धारणा होती. 'ख्रिस्तायन' हे त्यांनी आरंभिलेले येशूचे काव्यचरित्र त्यांच्या निधनाने अपुरे राहिले आणि ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले.

आजही पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात नाताळच्या उपासनेत पेटी, तबला, ढोलकी आणि झांज यांची साथ असते. रामनवमीला किंवा गोकुळाष्टमीला जसा पाळणा म्हटला जातो, तसाच बाळ येशूचा पाळणाही गायिला जातो. त्याच उपासनेत 'सायलेंट नाइट' या गीताचे मराठी रूपही ऐकू येते. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या गावी १८१८ सालच्या नाताळच्या पूर्वरात्री ते प्रथम गायिले गेले. ऑस्ट्रियातील एका गावातील गीत आणि मराठी पाळणा एकाच रात्री, एकाच छताखाली म्हटले जावेत, यातच या सणाचे स्वरूप दिसून येते.

गोठा आणि चांदणी

नाताळच्या सजावटीतील एक जुनी गोष्ट म्हणजे गोठ्याचा देखावा. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी जिवंत बैल व गाढव उभे करून ख्रिस्तजन्माचा प्रसंग साकारला, तेथून ही प्रथा जगभर पसरली. युरोपातील माणसाला गव्हाणीचे चित्र आज कल्पनेने रंगवावे लागते. मराठी शेतकऱ्याच्या घरी ती दारातच असते. म्हणूनच गावोगावचे गोठे शेणाने सारवलेल्या जमिनीवर, कडब्याच्या पेंढ्यांनी आणि मातीच्या बैलांनी सजतात. दिवाळीतील किल्ल्यांप्रमाणे हे काम मुलांचे असते. आधी आठवडाभर वाटीत गहू किंवा मोहरी पेरून तिचे हिरवे अंकुर गोठ्याभोवतीच्या 'शेता'साठी राखून ठेवण्याची युक्तीही अनेक घरांत चालते. बाळाची मूर्ती मात्र २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवली जात नाही. ती ठेवण्याचा मान बहुधा घरातील सर्वांत लहान मुलाकडे जातो.

वसई परिसरात या देखाव्यांना सार्वजनिक रूप आले आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकून घेतली. सत्ता गेली तरी तेथील ख्रिस्ती रयत आपल्या वाड्यांत व बागायतीत राहिली. सामवेदी अर्थात कुपारी, वाडवळ, कोळी अशा समाजांनी आपापली बोली, पेहराव आणि चालीरीती जपल्या. गास, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, गिरीज या गावांतील तरुण मंडळे नाताळात मोठे गोठे उभारतात आणि गणेशोत्सवातील देखावे पाहावेत तसे लोक रात्री गावोगाव फिरून ते पाहतात. पाणी, पर्यावरण, शेतजमिनीवरील अतिक्रमण असे विषयही या देखाव्यांत मांडले जातात. केळी, पानवेल आणि फुले यांवर जगलेल्या बागायती पट्ट्यात इमारतींची गर्दी वाढत असताना, गोठ्याच्या देखाव्यात हिरव्या वसईची आठवण जागविली जावी हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

घराबाहेर टांगली जाणारी चांदणी ही ज्ञानी पुरुषांना वाट दाखविणाऱ्या ताऱ्याची खूण होय. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद वापरून दिवाळीचा आकाशकंदील करणारे हातच पुष्कळदा ही पाचकोनी चांदणीही करतात. गोव्यात ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त येते. रेईश मागुश, चांदोर व कासावली परिसरात ते थाटाने साजरे होते आणि तेथे नाताळचा हंगाम खऱ्या अर्थाने त्या दिवशी संपतो. त्याआधी ३१ डिसेंबरला मुंबई-गोव्याकडील मुले जुने कपडे व गवत भरून 'म्हातारा' बनवितात, त्याच्या नावाने घरोघर पैसे मागतात आणि मध्यरात्री सरत्या वर्षाची ही प्रतिमा जाळतात. होळीची सवय असलेल्या मुलखाला या प्रथेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

फराळाचे ताट

मराठी ख्रिस्ती घरातील नाताळचे ताट पाहिले तर दिवाळी पुन्हा आली की काय असे वाटावे. करंजी, शंकरपाळी, चकली, चिवडा, बेसनाचे लाडू हे पदार्थ मराठवाड्यातील व नगरकडील घरांत हमखास असतात. नानकटाईसाठी मैदा, साखर आणि तूप घेऊन गावातील बेकरीच्या भट्टीवर जायचे, आपला नंबर येईपर्यंत तेथेच गप्पा मारीत बसायचे आणि गरम पत्र्यावरची पहिली नानकटाई तेथेच खायची, ही अनेकांच्या बालपणातील आठवण आहे.

किनारपट्टीवर ताट थोडे बदलते. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका आणि नारळाच्या बोलिन्या येतात. हे पदार्थ ताटात भरून शेजाऱ्यांकडे पाठविण्याच्या प्रथेस तेथे 'कोंसुआद' म्हणतात. मुंबई, साष्टी व वसईकडील ईस्ट इंडियन समाजात बाटली मसाल्यातले मांसाहारी पदार्थ, तळलेल्या फुग्या, मार्झिपान आणि पेरूची वडी यांना मान असतो. मूळचे मराठी बोलणारे हे भूमिपुत्र ख्रिस्ती लोक. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. त्यांच्या लग्नगीतांत आणि म्हणींत मराठी अद्याप जिवंत आहे.

या साऱ्या पदार्थांत कुलकुल हा पदार्थ कुटुंब एकत्र आणण्याच्या दृष्टीने विशेष म्हणावा लागेल. मैदा, नारळाचे दूध आणि अंडे यांच्या पिठाची छोटी गोळी काट्याच्या चमच्यावर किंवा नव्या स्वच्छ फणीवर दाबून शिंपल्यासारखी गुंडाळायची, तळायची आणि साखरेच्या पाकात घोळायची, अशी त्याची कृती. एकट्याने करायचे म्हटले तर दिवस मोडतो. म्हणून संध्याकाळी सारे घर एका ताटाभोवती बसते. आजी पीठ मळते, सून तळणीपाशी असते, मुले गोळ्या वळतात आणि त्यांतल्या वेड्यावाकड्या कोणाच्या, यावरून हसणे-खिदळणे चालते. हीच गोष्ट दोदोलाची. नारळाचे दूध, तांदळाचे पीठ आणि गूळ हे मिश्रण बुडाला लागू नये म्हणून सतत ढवळत राहावे लागते आणि हात बदलण्यासाठी घरात माणसे लागतात. पदार्थ विकत मिळू लागले, तेव्हा श्रम वाचले; त्या श्रमांबरोबर एकत्र बसण्याचे निमित्तही गेले.

फराळाचे ताट शेजारी पाठविणे ही आज साधी गोष्ट वाटते. ती नेहमीच साधी नव्हती. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखे लोक होते. त्यांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली, सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे तक्रार नेली आणि चौकशी होऊन प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. एका पेल्यावरून पुण्याचे सामाजिक जीवन कित्येक महिने ढवळून निघाले. त्या पार्श्वभूमीवर दिवाळीत हिंदू घरातून, ईदला मुसलमान घरातून आणि नाताळला ख्रिस्ती घरातून येणारे ताट एकाच जिन्यावरून वर-खाली होते, याचे मोल कळते. आलेले ताट रिकामे परत पाठवू नये, त्यात निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा मराठी घरातील संस्कार या देवघेवीतही पाळला जातो.

प्रभातफेरी ते प्रीतिभोजन

मराठवाडा आणि वऱ्हाडातील ख्रिस्ती वस्तीचा इतिहास किनारपट्टीहून निराळा आहे. जालना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. या छावण्यांतील इंग्रज अधिकाऱ्यांमुळे या भागाला नाताळची ओळख झाली असली, तरी तो सण लोकांचा झाला तो देशी प्रचारकांमुळे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या भीषण दुष्काळांत मिशनऱ्यांनी चालविलेली मदतकेंद्रे, अनाथाश्रम व वसतिगृहे यांतूनही अनेक कुटुंबे या समाजात आली. पंडिता रमाबाईंचे केडगाव येथील मुक्ती सदन हे त्यांतील सर्वांत ठळक उदाहरण होय. वाशीम येथे नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय १९३८ साली सुरू झाले आणि कनेरगाव नाक्यासारख्या सीमावर्ती गावांच्या टापूत ख्रिस्ती संस्थेचा परिचय पुष्कळांना प्रथम झाला तो रुग्णालयाच्या रूपाने.

या भागातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेली. गावातील उत्सवांत ज्यांना मागे उभे राहावे लागे, त्यांच्यासाठी नाताळ हा आपल्या मालकीचा पहिला सण होता. वर्षातून एकदा शिवलेले नवे कपडे, उपासनामंदिरात सर्वांनी एकाच सतरंजीवर बसणे आणि नंतर एकाच पंगतीत जेवणे यांचे महत्त्व त्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. म्हणूनच येथील जुन्या मंडळींच्या आठवणींत केक फारसा नसतो. पंगत मात्र असते.

सणाचा क्रम बराचसा ठरलेला असतो. आदल्या पंधरवड्यात तरुणांची भजनी मंडळी कंदील किंवा बत्ती घेऊन घरोघर नाताळगीते म्हणत फिरते. प्रत्येक घरी चहा किंवा गूळ-शेंगदाणे मिळतात आणि मंडळीच्या कार्यासाठी काही नाणी. २५ तारखेला पहाटे प्रभातफेरी निघते. टाळांचा आवाज जवळ आला की घरातील माणसे शाल गुंडाळून दारात येतात. सकाळी मुख्य उपासना होते. मुले जन्मकथेवरील नाटिका सादर करतात. त्यात मेंढपाळ होण्यासाठी आजोबांचे घोंगडे आणि काठी हमखास मागून आणली जाते. दुपारी प्रीतिभोजन असते. घरोघरचा शिधा एकत्र करून स्वयंपाक होतो आणि श्रीमंत-गरीब एका पंगतीस बसतात. कॅथलिक चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिस्साला महत्त्व असते. ध्वनिक्षेपकांवरील वेळेच्या निर्बंधांमुळे शहरांत काही ठिकाणी ही उपासना आता लवकर सुरू होते.

रिकामी जागा

सण हा आनंदाचा असला तरी ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेले असते, तेथे तो जड जातो. अशा घरी त्या वर्षी फराळ करीत नाहीत. आप्त आणि शेजारी तो पाठवितात, ही मराठी रीत दिवाळीला पाळली जाते तशीच नाताळलाही. गोव्याकडे तर मृत्यू झालेल्या घरी चांदणी लावीत नाहीत आणि शेजाऱ्यांची ताटे मात्र न चुकता येतात. नाताळच्या दिवसांत कबरस्थानात जाऊन कबरीची साफसफाई करणे, फुले वाहणे आणि मेणबत्ती लावणे हाही अनेक कुटुंबांचा नेम आहे. लहान मुलांना सोबत नेले जाते आणि कबरीवरील नाव वाचून दाखविले जाते. पणजोबांचे नाव त्यांना ठाऊक होते ते बहुधा तेथेच.

दुसरी रिकामी जागा स्थलांतराने निर्माण केली आहे. शिक्षण, परिचर्या आणि शिक्षकी पेशा या वाटांनी हा समाज गावातून शहरात आला. आता पुढची पिढी आखाती देश, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडापर्यंत पोचली आहे. गावाकडील लहान मंडळ्यांमध्ये पाळणा म्हणणाऱ्या वृद्धा आहेत, त्यांच्यामागून म्हणणारे आवाज कमी झाले आहेत. वसईतील सामवेदी बोली, जिला कादोडी असेही म्हणतात, घरातील मुले समजू शकतात. बोलतातच असे नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना इंग्रजी नाताळगीते येतात आणि टिळकांचे अभंग आजीच्या वहीत राहतात. परंपरा एका दिवसात संपत नाही. एखाद्या वर्षी आजारपणामुळे गोठा होत नाही, पुढच्या वर्षी मुले येत नाहीत म्हणून कुलकुल होत नाहीत आणि तिसऱ्या वर्षी त्याची आठवणही कोणी काढत नाही. ती अशी संपते.

या प्रश्नाकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सातत्याने लक्ष वेधले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, 'सुबोध बायबल'च्या रूपाने मराठीत आणलेला ग्रंथ आणि हरित वसईसाठीची चळवळ ही त्यांची कामे सर्वपरिचित आहेत. 'सुबोध बायबल'ला २०१३चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४च्या जुलैत त्यांचे निधन झाले. श्रद्धा ख्रिस्ती असली तरी मातृभाषा व संस्कृती मराठी असते आणि त्या दोहोंत विरोध नसतो, हे त्यांच्या साऱ्या लेखनाचे सूत्र म्हणता येईल.

आठवणी जपाव्यात कशा?

आप्तांच्या सहवासातील आठवणी आपोआप घडतात, परंतु त्या आपोआप टिकत नाहीत. त्यासाठी काही साध्या गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. घरातील जुन्या छायाचित्रांच्या मागे त्यातील माणसांची नावे, गाव आणि वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवावे. ते सांगू शकणारी व्यक्ती घरात असते तोवरच हे काम होते. आजीचा पाळणा, आत्याच्या ओव्या, कीर्तनातील पदे भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावीत आणि मुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्याचे नाव व तारीख बोलून घ्यावी. 'अंदाजाने' या मापाने होणारे पदार्थ एकदा वाटी-चमच्याने मोजून वहीत उतरवावेत. दरवर्षी गोठ्यासाठी एक तरी वस्तू घरीच बनवून तिच्या तळाशी बनविणाऱ्या मुलाचे नाव व साल घालावे. दहा वर्षांनी ती पेटी उघडताना घराचा इतिहास हाती येतो. जे परदेशी आहेत त्यांना २४ तारखेच्या रात्री दूरध्वनीवरून उपासनेत सामील करून घेण्याची रीत आता अनेक घरांनी स्वीकारली आहे. आणि हे सारे नाताळपुरते नाही. दिवाळी, ईद वा बुद्धजयंती साजरी करणाऱ्या घरांनाही ते तितकेच लागू पडते.

या बाबतीत मराठीत एक थोर उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या, पुढे त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या निधनानंतर मुलाला, देवदत्त यांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. फारसे शालेय शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी त्या लिहिल्या आणि त्यांतून 'स्मृतिचित्रे' हा मराठी आत्मचरित्रातील अजरामर ग्रंथ निर्माण झाला. त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. लेखन संपण्यापूर्वीच, १९३६ साली, त्या निवर्तल्या आणि उरलेला भाग मुलाने पूर्ण केला.

मुलाने मागितले नसते तर आईने कदाचित लिहिलेही नसते. नाताळच्या सुटीत घरी पोचलेल्यांनी एवढे तरी करावे. फराळाचे ताट पुढे आले की घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि 'तुमच्या लहानपणी नाताळ कसा असायचा?' असे विचारावे. उत्तर लांबेल, मध्येच विषय बदलेल, एकच प्रसंग दोनदा सांगितला जाईल. तो ऐकून घ्यावा, आणि जमल्यास त्याच रात्री लिहून ठेवावा.